रायफलच्या स्कोपमधल्या (नेम धरायच्या दुर्बिणीतल्या) आडव्या रेषेवरच्या खुणा वाऱ्यासाठी कशा वापरायच्या?

त्या खुणा म्हणजे वाऱ्यानं गोळी किती सरकेल ते मोजायची पट्टी. रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या रेषा-खुणा) मिल या कोनाच्या मापाचं असेल तर 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटीमीटर, 200 वर 20. वारा डावीकडून असेल तर गोळी उजवीकडे जाते. म्हणून मधला क्रॉस सोडून उजवीकडची खूण टार्गेटवर धरायची. नवखे हमखास इथंच उलटं करतात. मीही केलंय.

आमच्या साताऱ्यात चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली उभं राहिलं की कळतं, वारा सारखी दिशा बदलतो. नेमाच्या रेषेशी 45 अंशात आला तर आडव्या वाऱ्याच्या साधारण 70 टक्के, 30 अंशात निम्मा, अगदी समोरून आला तर जवळजवळ शून्य धरा.

झूम बदलूनही खुणा तेवढ्याच दिसत असतील, तर मिलचा हिशोब एका ठरावीक झूमवरच खरा.