डेल अर्नहार्ट एवढा मोठा का मानला जातो? नॅसकार म्हणजे नुसतं गोल गोल फिरणंच ना?

तुम्ही फॉर्म्युला वन बघता आणि विचारलंय की नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतींत, सतत डावीकडे वळत पाचशे मैल फिरणाऱ्या गाड्यांत या माणसाने असं काय वेगळं केलं, की तो जाऊन दोन दशकं उलटली तरी लोक त्याच्या काळ्या ३ नंबरच्या गाडीचे टी-शर्ट घालून फिरतात.

आकडे आधी उरकून टाकतो. सात विजेतेपदं (१९८०, १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३, १९९४) आणि ७६ जिंकलेल्या शर्यती. १९७९ मध्ये सर्वोत्तम नवोदित आणि लगेच पुढच्या वर्षी विजेता. पण आकड्यांवर वाद घालायला जाल तर हराल. रिचर्ड पेटीने २०० शर्यती जिंकल्यात, आणि सात विजेतेपदं पेटीकडेही आहेत, जिमी जॉन्सनकडेही.

अर्नहार्टचं कसब हवेत होतं, अगदी शब्दशः. एक्स्प्रेस वेवर मोठ्या ट्रकच्या मागे किंवा बाजूला बाइक गेली की एक ओढ जाणवते, ती आठवा. डेटोना (अडीच मैल) आणि टॅलाडेगा (२.६६ मैल) या दोन ट्रॅकवर सगळी शर्यत त्या ओढीवर चालते. वळणं ३१ ते ३३ अंशांनी कललेली, त्यामुळे ब्रेक लागतच नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण फेरी दाबलेलाच. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल गाठले, आणि त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीत गेली. १९८८ पासून या दोन ट्रॅकवर कार्ब्युरेटरच्या खाली चार भोकांची धातूची चकती बसवणं सक्तीचं झालं. इंजिनला हवा कमी, म्हणजे ताकद कमी. परिणाम असा की पाय एकदा उचललात तर गेलेला वेग परत यायला अर्धी फेरी लागते, तोवर दहा गाड्या पुढे. एकट्या गाडीला कुणी विचारत नाही. दोन गाड्या एकामागे एक चिकटल्या की दोघीही वेगात जातात, कारण पुढची हवा फाडते आणि मागची तिच्या शेपटीला मागे खेचणारी ओढ कमी करते.

आता यात काय बिघडतं ते बघा, कारण अर्नहार्ट तिथेच जिंकायचा. मागच्या गाडीच्या नाकावर हवा पोचत नाही, म्हणून पुढची चाकं पकड सोडतात आणि गाडी वळण्याऐवजी भिंतीकडे सरकते. याला ‘टाइट’ म्हणतात. रेडिएटरलाही वारा मिळत नाही, फार वेळ तसंच चिकटून राहिलात की इंजिन तापतं. उलट, पुढच्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्याजवळ नाक नेलं की त्याच्या डिकीवरच्या स्पॉयलरवरून जाणारी हवा बिघडते, मागची चाकं हलकी होतात, गाडी ‘लूज’ होते. शेपूट सरकतंय हे ड्रायव्हरला आधी कंबरेत कळतं, आणि तो पाय उचलतो. तेवढं पुरे. रंगाला ओरखडाही न येता पुढे जाता येतं.

हे सगळ्यांना माहीत असतं. कोपऱ्यापासून किती अंतरावर, वळणाच्या आधी की आत, आणि मागून कोण ढकलायला आहे, हा हिशेब ताशी १९० मैलांवर दर सेकंदाला करणं मात्र फार थोड्यांना जमलं. ‘याला हवा दिसते’ असं लोक म्हणायचे ते यामुळे. टोपणनाव ‘इंटिमिडेटर’, म्हणजे धाक घालणारा. धाक अर्धा त्या काळ्या गाडीच्या धडकेचा होता, पण अर्धा आरशात तिचं नाक कुठे दिसतंय याचा होता, असं माझं मत.

पुरावा हवा असेल तर १५ ऑक्टोबर २०००, टॅलाडेगा. नॅसकारने त्या शर्यतीला छतावर आडवी पट्टी लावायला लावली होती आणि स्पॉयलर मोठे केले होते. गाड्यांमागे हवेत एवढी मोठी पोकळी पडू लागली की शर्यतीत आघाडी ४९ वेळा बदलली. पाच फेऱ्या उरल्या असताना अर्नहार्ट गर्दीत अठराव्याच्या आसपास अडकलेला. मग केनी वॉलेस त्याच्या शेपटीला लागला, त्याच्यामागे जो नेमेचेक, आणि ही तीन डब्यांची गाडी रांगांमधून सुटली. जिंकला. तो त्याचा ७६वा आणि शेवटचा विजय.

डेटोना ५०० या नॅसकारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीने मात्र त्याला फार रडवलं. १९९० मध्ये २०० पैकी १५५ फेऱ्या पुढे राहून शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणात, रस्त्यावर पडलेल्या तुकड्यावरून टायर फुटला आणि डेरिक कोप पुढे निघून गेला. १९९७ मध्ये गाडी उलटली. हा अँब्युलन्समध्ये जाऊन बसला, मागे वळून पाहिलं, चारही चाकं जागेवर दिसली, म्हणून उतरून परत गाडीत बसला आणि शर्यत पूर्ण केली. १९९८ मध्ये, विसाव्या प्रयत्नात, जमलं. पिट रस्त्यावर सगळ्या प्रतिस्पर्धी संघांचे मेकॅनिक रांगेत उभे राहिले आणि तो संथपणे गाडी चालवत एकेकाचा हात हातात घेत गेला.

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. १९९९ मध्ये ब्रिस्टलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत त्याने टेरी लाबाँटीला मागून धडक देऊन फिरवला आणि जिंकला. त्याला पाडायचं नव्हतं, नुसता हादरा द्यायचा होता, असं नंतर म्हणाला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि ती रास्तच होती. छोट्या ट्रॅकवर हवेचं काम कमी, बंपरचं जास्त. तिथला अर्नहार्ट मला तेवढा आवडत नाही.

सुरक्षेच्या बाबतीतही तो हट्टी. बाकीचे पूर्ण बंद हेल्मेटकडे वळले तरी याचं उघड्या तोंडाचंच. हान्स नावाचं उपकरण असतं: खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, तिचे पट्टे हेल्मेटला जोडलेले. टक्कर झाली की धड पट्ट्याने थांबतं पण डोकं पुढे जातं, आणि कवटीचा तळ फुटतो; हान्स डोक्याला धडाबरोबर थांबवतं. २००० च्या मोसमात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन ड्रायव्हर अपघातांत गेले होते. अर्नहार्टने तरी ते घातलं नाही.

१८ फेब्रुवारी २००१, डेटोना, शेवटची फेरी. पुढे मायकेल वॉल्ट्रिप, मग त्याचा मुलगा डेल ज्युनियर. दोन्ही गाड्या त्याच्याच मालकीच्या संघाच्या. तो स्वतः तिसरा, मागचा घोळका अडवत. चौथ्या वळणात स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीशी स्पर्श झाला, शेपूट सुटलं, केन श्रेडरची गाडी आदळली आणि दोघेही काँक्रीटच्या भिंतीवर गेले. टीव्हीवर ती टक्कर फारशी भयंकर दिसत नाही, पण अर्नहार्ट त्यातच गेला. गाडी कोलांट्या खात गेली तर वेग हळूहळू जिरतो, इथे वेग एका क्षणात संपला. कमरेचा पट्टाही तुटलेला सापडला आणि त्यावर बरेच वाद झाले. ऑक्टोबरपासून डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं, २००२ पासून काँक्रीटपुढे स्टील आणि फोमच्या दबणाऱ्या भिंती यायला लागल्या. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

बघायचं असेल तर सुरुवात १९८७ च्या ‘द विन्स्टन’ या निवडक ड्रायव्हरांच्या शर्यतीच्या शेवटच्या दहा फेऱ्यांपासून करू नका, ती सगळे सुचवतात. गवतावरून जाऊनही त्याने आघाडी सोडली नाही, हे बघायला मजा येते, पण शिकायला काही मिळत नाही. टॅलाडेगा २००० च्या शेवटच्या सहा फेऱ्या लावा आणि दोनदा बघा. पहिल्यांदा काळ्या गाडीकडे बघा. दुसऱ्यांदा तिच्याकडे अजिबात बघू नका, ती ज्या गाडीला गाठते आहे तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवा. शेपूट किंचित हलेल, आणि काळी गाडी त्यानंतर पुढे जाईल.