धूर नव्हे, डोळ्यातला जाळ

प्रश्न : डॉक्टरताई, मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या आहे, वय 34. उजवा डोळा लालभडक झाला, उजेडाकडं बघवेना. धूर लागला असंल म्हणून आठ दिवस काढले. मग शहरात दाखवलं. युव्हिआयटिस सांगितलं, थेंब दिले. चार दिवसांत उतार पडला म्हणून बंद केले, तर पुन्हा तेच. माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय का? गुळवेलीचा काढा घेऊ का?

उत्तर : दादा, काढा राहू द्या. प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही, ती डोळ्यात शिरून थांबेना झालीय. तिला आणखी चेतवायचं कशाला?

धुरानं बहुतेक दोन्ही डोळे झोंबतात, पाणी येतं आणि धुरातून बाजूला झालं की निवतात. एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड टोचतो, ही खूण बुबुळाच्या आतल्या सुजेची, म्हणजेच युव्हिआयटिसची.

डोळ्याचं घरच वेगळं. पडदा एकदा खराब झाला की पुन्हा उगवत नाही, म्हणून डोळा प्रतिकारशक्तीच्या, म्हणजे आपल्याच, सैनिकांना सहसा आत घेत नाही. आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. बुबुळापुढच्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखी द्रव्यं असतात. टी पेशी म्हणजे रक्तातले ते सैनिकच. चुकून आलेल्या टी पेशींना ही द्रव्यं शांत करतात, काहींना तर राखणदारच बनवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशाच्या डोळ्यात दुसऱ्या सशाची कातडी ठेवली. रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत तोवर ती तगली. अंगावर लावली असती तर शरीरानं ती फेकूनच दिली असती.

तुमच्या डोळ्यात हा बंदोबस्त मोडलाय. भडकलेल्या टी पेशी टीएनएफसारखे सूज वाढवणारे रासायनिक निरोप सोडतात, त्यानं भिंती झिरपायला लागतात, आणखी पेशी आत येतात. तपासणीच्या उभ्या उजेडपट्टीत त्या आम्हाला कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात. मला तर अजूनही ते बघताना नवल वाटतं.

आता थेंबांचं. काहील उतू जाताना तुम्ही जाळ ओढता, पण चुलाणात निखारे राहतातच ना? स्टेरॉइडचे थेंब चार दिवसांत जाळ ओढतात. निखारे विझायला आठवडे लागतात, म्हणून ते हळूहळू कमी करायचे. बाहुली मोठी करणारा थेंबही चुकवू नका, नाहीतर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं. आणि उरलेली बाटली परस्पर सुरू करू नका. स्टेरॉइडनं डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

दुसरं, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते का? काहिलीपुढं वाकून दुखतेय असं समजून तुम्ही सोडून दिलं असेल. पण मणक्याचा एक सांधेविकार आणि ही सूज पुष्कळदा जोडीनं येतात. त्यासाठी एचएलए-बी 27 ही रक्ततपासणी असते. क्षयाचीही तपासणी लागेल, आपल्याकडं ते कारण सापडतं. कंबरेचं आणि क्षयाच्या तपासणीचं, दोन्ही डॉक्टरांकडं स्वतःहून काढा, आणि हंगाम संपायची वाट न बघता उद्याच जा.

काळा चष्मा घालून गुऱ्हाळावर गेलात तर गडी हसतील. हसू द्या.