वरचा मजला फक्त रात्रीच थंड का पडतो?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एका जुन्या दुमजली घरात राहतो. बेसमेंटमध्ये गॅसचा बॉयलर असून त्याचे गरम पाणी भिंतीलगतच्या बेसबोर्डमधून (खोली तापवणाऱ्या, भिंतीच्या तळाशी बसवलेल्या नळ्यांतून) फिरते. वरचा आणि खालचा मजला असे दोन झोन आहेत व प्रत्येकाचा थर्मोस्टॅट वेगळा आहे. गेल्या पंधरवड्यापासून वरचा थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटवर लावलेला असूनही पहाटे वर ५९ अंश असतात. रात्री आम्ही खालचा थर्मोस्टॅट ६० वर आणतो. सकाळी सहाला तो आपोआप वाढतो आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर वरही ऊब येते. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलून पाहिल्या. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी ‘बॉयलर वीस वर्षांचा झाला, बदलून टाका’ असे सांगितले. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्यांची खोली वरच आहे. काय करावे?

उत्तर : बॉयलर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ज्या बॉयलरच्या पाण्याने खालचा मजला व्यवस्थित तापतो, त्याला एकट्या वरच्या मजल्यासाठी दोषी धरता येत नाही. शिवाय सकाळी खालचा झोन सुरू झाला की वरही ऊब येते, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. दोष कुठे असावा, हे बहुधा त्यातूनच कळते.

अशा घरांत थर्मोस्टॅट सहसा बॉयलरला थेट आज्ञा देत नाही. तो आपल्या झोनच्या व्हॉल्व्हला २४ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो, व्हॉल्व्हवरील लहानशी मोटर पाण्याची वाट हळूहळू उघडते, आणि वाट पूर्ण उघडल्यावर त्याच डबीतला एक बारीक स्विच, ज्याला एंड स्विच म्हणतात, जोडला जातो. पंप आणि बॉयलर यांना निरोप मिळतो तो या स्विचकडून. आता समजा, वरच्या व्हॉल्व्हची मोटर ठीक आहे, पण एंड स्विच निकामी झाला आहे. रात्री खालचा झोन बंद असताना वरचा व्हॉल्व्ह उघडतो, पण पुढे निरोपच जात नाही, त्यामुळे पंप आणि बॉयलर दोन्ही स्वस्थ राहतात. सकाळी खालचा व्हॉल्व्ह आपल्या स्विचने पंप सुरू करतो, आणि वरची वाट आधीच उघडी असल्याने गरम पाणी तिकडेही जाते. आपल्या घरात नेमके हेच घडत असावे, असे मला वाटते.

मात्र गरम हवा जिन्यातून वर चढते आणि तिच्यामुळेही खोली थोडी उबदार होते. म्हणून सकाळी सासूबाईंच्या खोलीतील बेसबोर्डला हात लावून पाहा. तो चांगला तापलेला असेल तर वरील तर्क पक्का होतो. थंडच असेल तर वरचा व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा नळीत हवा अडकली आहे, असे समजावे.

यापुढची तपासणी घरीच करता येते. खालचा थर्मोस्टॅट पूर्ण खाली आणा, वरचा चांगला चढवा आणि पाच मिनिटे थांबून बेसमेंटमध्ये जा. वरच्या झोनच्या नळीवर, व्हॉल्व्हच्या पितळी भागावर बसवलेली धातूची चपटी डबी दिसेल. पुष्कळ बनावटींत तिच्या बाजूला बोटाने सरकवता येईल अशी छोटी दांडी असते. व्हॉल्व्ह बंद असताना ही दांडी सरकवताना आतल्या स्प्रिंगचा जोर जाणवतो, आणि मोटरने तो आधीच उघडलेला असेल तर दांडी ढिली, निर्जीव लागते. दांडी ढिली असूनही पंप आणि बॉयलर शांत असतील तर दोष एंड स्विचचा किंवा त्याच्या तारांचा आहे. (काही घरांत व्हॉल्व्हऐवजी प्रत्येक झोनला स्वतंत्र पंप असतो, तिथे ही कसोटी लागू पडत नाही.)

दांडीला जोर लागत असेल तर मल्टिमीटरने (व्होल्ट मोजण्याच्या उपकरणाने) व्हॉल्व्हपाशी २४ व्होल्ट पोहोचतात का, ते पाहावे. पोहोचत असूनही व्हॉल्व्ह उघडत नसेल तर मोटर गेली किंवा व्हॉल्व्ह आतून अडकला. पोहोचत नसतील तर थर्मोस्टॅट, तार किंवा ट्रान्सफॉर्मर तपासावा लागेल. त्याच ठिकाणी १२० व्होल्टच्या ताराही असू शकतात, त्यामुळे मोजमापाची सवय नसेल तर हे काम जाणकारावर सोपवावे आणि कोणतीही तार सोडवण्यापूर्वी बॉयलरचा मुख्य स्विच बंद करावा.

हवा अडकल्याची शंका असेल तर बेसबोर्डमधून खळखळ ऐकू येते का, याकडे लक्ष द्या आणि बॉयलरवरील दाबाचा काटा पाहा. दुमजली घरात पाणी थंड असताना तो दर चौरस इंचाला साधारण १२ पौंडांवर (psi) असावा. त्याहून बराच खाली असेल तर पाणी वरपर्यंत चढत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत आज रात्रीपासून एक करा : खालचा थर्मोस्टॅट ६० वर न आणता ६७ किंवा ६८ वर राहू द्या. एंड स्विचचा दोष असेल तर खालचा झोन चालू होईल तेव्हा वरही गरम पाणी जाईल आणि सासूबाईंची झोप मोडणार नाही. गॅसचे बिल थोडे वाढेल, पण वयस्कर माणसाला ५९ अंशांत झोपवणे योग्य नाही. विजेचा हीटर लावायचाच झाला तर तो थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावावा, एक्स्टेन्शनवर नको, आणि अंथरुणापासून किमान ३ फूट दूर ठेवावा. कडाक्याची थंडी पडली तर बाहेरच्या भिंतींतील नळ्यांत पाणी गोठून त्या फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे वरचा झोन दीर्घकाळ बंद ठेवून चालणार नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन कराल तेव्हा ‘घर तापत नाही’ एवढेच न सांगता, ‘एकट्या वरच्या झोनची मागणी असताना व्हॉल्व्ह उघडतो, पण बॉयलर सुरू होत नाही’ असे सांगा आणि डबीवरील मॉडेल क्रमांक वाचून दाखवा. बऱ्याच व्हॉल्व्हची डबी पाणी न काढता बदलता येते, आणि तिचा खर्च नव्या बॉयलरच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो.