पान हिरवे का दिसते आणि खोडवा पिवळा का पडतो?

प्रश्न (अथणी-कागवाड भागातील ऊस उत्पादक): काळ्या रानातला खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) दोन महिन्यांचा आहे. शेंड्याची पाने पिवळी-पांढरी पडलीत. एकरी एक पोते युरिया दिला तरी हिरवा होईना. काय करावे?

प्रश्न (खानापूर): लाल माठाचे पान हिरवे नसते, मग त्याचे अन्न कसे तयार होते? आणि भाताला युरिया कधी द्यायचा, हे पानाच्या रंगावरून कळते का?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, तिन्ही प्रश्नांचे मूळ हरितद्रव्यात आहे. उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा प्रकाश जास्त शोषते, हिरवा त्या मानाने कमी. उरलेला हिरवा पानावरून परततो किंवा आरपार जातो, तोच आपल्याला दिसतो. मात्र हिरवा प्रकाश पिकाला अजिबात उपयोगी नाही, हा समज चुकीचा आहे. पान त्यातलाही बराच शोषते आणि आतल्या थरांना तो कामी येतो.

हरितद्रव्याच्या कणात मध्यभागी मॅग्नेशियम आणि त्याभोवती नत्र असते. लोह त्या कणात नसते, पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयारच होत नाही. हरितद्रव्य कमी पडले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणून पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला, हे आधी बघा. नत्र कमी पडले तर पीक जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते, त्यामुळे खालची पाने आधी पिवळी होतात. लोह असे हलत नाही, त्यामुळे शेंडा पिवळा पडतो. तुमच्या खोडव्याचा शेंडा पिवळा आहे.

शेंड्याचे एक पान तोडून उजेडाकडे धरा. शिरा हिरव्या आणि मधले पट्टे बुडापासून टोकापर्यंत पिवळे असतील तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा, म्हणजे पान पिवळे पडण्याचा विकार. जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीच्या रानात सामू (पीएच) 8 च्या वर गेला आणि सरीत पाणी तुंबले की ते मुळांना घेता येत नाही. खोडव्याची मुळे जुनी आणि माती दबलेली, म्हणून तिथे त्रास जास्त. युरिया नत्र देतो, लोह नाही; त्याने हे दुरुस्त होणार नाही.

आधी पाणी थांबवून वाफसा येऊ द्या. मग 100 लिटर पाण्यात प्रथम 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि नंतर 500 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. हा क्रम बदलू नका. आपल्याकडच्या जड पाण्यात हिराकस आधी टाकला तर लोह गंजून तळाला बसते. हिराकसचे खडे फिकट हिरवे असावेत, तपकिरी भुकटी झालेला माल घेऊ नका. द्रावण लालसर झाले तर टाकून द्या. ऊन उतरल्यावर शेंडा भिजेल अशी फवारणी करा. जिथे थेंब बसला तिथेच हिरवे ठिपके उमटतील आणि नवे पान पुन्हा फिके येईल. औषध लागू पडले नाही असे समजू नका, लोह हलत नसल्यामुळे तसे होते. 8 ते 10 दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या लागतातच.

जमिनीतून द्यायचे तर एकरी 10 किलो हिराकस 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून सावलीत 5-6 दिवस मुरवा आणि बुडख्यालगत मातीआड करा. नुसता फोकू नका. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, स्फुरद लोहाला बांधून टाकतो. चिलेट (लोह विरघळलेले धरून ठेवणारे खत) घेणार असाल तर ईडीटीए प्रकार फवारणीसाठी ठीक आहे. चुनखडीच्या रानात ठिबकमधून ईडीडीएचए हा प्रकारच टिकतो.

पिवळेपणाची दुसरी कारणेही तपासा. बेट ओढल्यावर सहज उपसून आले तर मुळाशी हुमणी (मुळे खाणारी अळी) शोधा. बारीक, पांढुरक्या फुटव्यांचा झुपका दिसला तर तो गवताळ वाढ रोग. ते बेट मुळासकट काढा आणि त्या प्लॉटचे बेणे वापरू नका.

लाल माठात हरितद्रव्य असतेच, फक्त लाल रंगाखाली झाकलेले. पाने उकळत्या पाण्यात टाका, लाल रंग पाण्यात उतरतो आणि पान हिरवे दिसू लागते.

भातासाठी पर्णरंग तक्ता (हिरव्या रंगाच्या क्रमांकित छटांची पट्टी) वापरा. लावणीनंतर 14 दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत, दर 7 ते 10 दिवसांनी, सकाळी स्वतःच्या सावलीत बघा. दहा चुडांचे वरचे पूर्ण उमललेले पान घेऊन त्याचा मधला भाग पट्टीशी ताडा. सहा किंवा जास्त पाने 4 क्रमांकापेक्षा फिकी असली तर खाचरातले पाणी कमी करून एकरी 20 ते 25 किलो युरिया द्या. सुवासिक जातींना 3 क्रमांक धरा. एकूण युरिया शिफारशीबाहेर जाऊ देऊ नका. भात काळपट हिरवा झाला की करपा आणि तुडतुडे वाढतात, आणि खानापूरच्या सततच्या पावसात करपा आवरणे कठीण जाते.

मातीचा नमुना चुनखडी आणि सामूसाठी तपासायचा असेल तर जवळच्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचे केंद्र) द्या. खत टाकल्यानंतर लगेच नमुना काढू नका.