हेड उघडण्याआधी नोटीस पाठवा

प्रश्न : फेब्रुवारीत नागपुरातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून सात वर्षं वापरलेली डिझेल गाडी ३ लाख ८५ हजारांना घेतली. मे महिन्यात वर्ध्याहून येताना बुटीबोरीजवळ टेम्परेचरचा काटा लाल रेषेवर गेला. पाणी टाकून कशीबशी मानेवाड्यापर्यंत आणली. मेस्त्री म्हणतो, ऑइलमध्ये पाणी उतरलंय, हेड गॅस्केट (इंजिन आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलंय आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवरच नाही. खर्च साठ हजारांच्या घरात. डीलर म्हणतो, टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहिलंय. पैसे मिळतील का?

उत्तर : मिळू शकतात, पण मेस्त्र्याला आज हेड उघडू देऊ नका. इंजिन हाच तुमचा साक्षीदार आहे आणि एकदा खोलून, घासून, नवं गॅस्केट टाकून बसवलं की तो काही बोलणार नाही.

डीलरचा खरा बचाव पावती नाही. तो म्हणेल, काटा लाल झाल्यावरही गाडी चालवली, हेड तुम्हीच वाकवलं. यात तथ्यही असू शकतं. त्यामुळे दोष विक्रीआधीचा होता, हे दाखवावं लागेल. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. फेब्रुवारीच्या गारव्यात छोट्या फेरीत काटा खालीच राहतो आणि दोष झाकला जातो. पण एवढ्यावर विसंबू नका. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडच्या मेस्त्र्यांची जुनी खोड आहे. डीलरचा वकील म्हणेल, विक्रीनंतर तुमच्याच मेस्त्र्याने तो काढला. सोबत आणखी खुणा लागतील : रेडिएटरमध्ये गळती थांबवणाऱ्या पावडरीचा गाळ, हेडच्या कडेला ताजं सीलंट, बोल्टांवर पान्याचे ओरखडे, हेडचं आधी फेसिंग (घासून सपाट करणं) झाल्याच्या खुणा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या जॉबकार्डांची (दुरुस्तीच्या नोंदींची) माहितीही मागून बघा. ‘गाडी गरम होते’ अशी जुनी तक्रार सापडली, तर अर्धी लढाई झाली.

आता क्रम. डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : अमुक तारखेला, अमुक गॅरेजमध्ये हेड उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. शक्य असेल तर त्या दिवशी तटस्थ वाहन सर्व्हेअर बोलवा. झाकणाखाली जमलेलं दुधाळ ऑइल, काढलेलं गॅस्केट, हेडवर पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) घेतलेलं वाकाचं माप, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि माप सर्व्हेअरच्या अहवालात आकड्यांत येऊ द्या. जुने भाग भंगारात देऊ नका. डीलर आला नाही तर तेही तुमच्याच पथ्यावर पडतं.

‘जशी आहे तशी’चं काय? मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा लागतो. ग्राहकाने माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष यातून सुटतात, आणि फेरफटक्यात हेड गॅस्केट दिसत नाही. मात्र कलम ६२ मुळे स्पष्ट कराराने ही हमी वगळता येते. म्हणून त्या ओळीखाली तुमची सही आहे की ती नंतर लिहिली, हे आधी बघा. सही असली तरी जाणूनबुजून दडवलेला दोष त्या ओळीत बसत नाही. ‘इंजिन एकदम ओके’ असा डीलरचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर फोन बदलू नका. पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

‘मी फक्त दलाल’ असंही उत्तर येईल. पैसे कुणाच्या खात्यात गेले, पावती कुणाच्या नावाने आहे ते बघा. खासगी मालकाकडून थेट घेतली असती तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालय गाठावं लागलं असतं.

गाडी घरच्या वापराची आहे असं धरतो. मग तक्रार सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची. पोलिसांत गेलात तर बहुतेक ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील. मागणी दुरुस्तीचा खर्च, टोइंग आणि मनस्तापाची भरपाई अशी ठेवा. सात वर्षांच्या गाडीची पूर्ण किंमत परत मिळणं अवघड.

नोटिशीनंतर डीलर निम्मा खर्च देऊ करेल. घ्यायचा असेल तर घ्या, पण गाडी दुरुस्त होऊन भर उन्हात वर्धा रोडवर एक लांब फेरी होईपर्यंत ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.