दिसत नाही, हे मुलाखतीआधी सांगावं का?

प्रश्न : माझी मुलगी पूर्ण अंध आहे. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून एक्सेल सफाईने वापरते. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागाकडून चाचणी आणि मुलाखतीचं बोलावणं आलंय. आधी सांगितलं तर बोलावणंच रद्द होईल, असं नातेवाईक म्हणतात. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, सांगा. नातेवाइकांची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून अर्जात लिहिलं नसेल तर बिघडलं नाही. पण आता न सांगता ती गेली आणि तिथला संगणक बोललाच नाही, तर 'हिशेब कच्चा' असा शेरा बसेल. खरं कारण कोणाला कळणारही नाही.

मेल मुलीनेच लिहावा, किमान आठवडाभर आधी. त्यात आजाराचा इतिहास नको. "मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. चाचणी कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे? सरावाची लिंक मिळेल का? माझा लॅपटॉप चालेल का? वेळ किती वाढवून मिळेल?" एवढं पुरे. हे विचारायचं कारण असं, की चाचणीची काही सॉफ्टवेअर कॉपी रोखायला इतर प्रोग्रॅम बंद करतात, त्यात स्क्रीन रीडरही जातो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. ओसीआर केल्याशिवाय, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर केल्याशिवाय, त्यातलं अक्षर वाचलं जात नाही. माउसने ओढून जुळवायचे प्रश्न असले तर तिथेही गाडी अडते. पेन ड्राइव्हवरच्या एनव्हीडीएवर विसंबू नका. अनेक कंपन्यांत यूएसबी बंद असतं. जादा वेळ मागताना संकोच नको: नजर तक्त्यावरून झरकन फिरते, कानाला एकेक सेल ऐकावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारानुसार अशी वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच आहे. मेलमध्ये मात्र हा दाखला नको. तिथे साधी विनंतीच चालते.

मुलाखतीत "तुम्ही काम करणार कसं?" हा प्रश्न येणारच. भाषण देण्यापेक्षा लॅपटॉप उघडावा. दोनेकशे नोंदींची एक शीट तयार ठेवावी. आवाजाचा वेग आधी कमी करावा, तिच्या रोजच्या वेगात समोरच्यांना एक शब्द कळायचा नाही. एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतला स्पीच व्ह्यूअर चालू केला, की बोललेलं स्क्रीनवर अक्षरांतही उमटतं. मग कंट्रोल आणि खालचा बाण दाबून रकान्याच्या शेवटी जायचं, आणखी एक सेल खाली उतरून ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, एंटर, बेरीज हजर. दोन मिनिटांत शंका मिटते.

तिनेही एक विचारावं, त्यांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर माउसशिवाय चालतं का? शक्य असल्यास तिथेच टॅब दाबत जावं. प्रत्येक बटणाचं नाव ऐकू आलं तर ठीक. नुसतं 'बटन, बटन' ऐकू आलं, तर कोणतं काय करतं हे कळायला मार्ग नाही. त्यावर उपाय काय, हे होकार देण्याआधी ठरवून घ्यावं.

रुजू झाल्यावर मीटिंगची फाइल आदल्या दिवशी मागावी, कारण शेअर केलेली स्क्रीन स्क्रीन रीडरसाठी निव्वळ चित्र असते. आणि सहकारी मायेने तिच्या वाट्याचं अवघड काम काढून घेऊ लागले, तर पहिल्या महिन्यातच साहेबांकडे इतरांएवढं काम मागावं. बढतीच्या वेळी हीच माया आड येते.