आधी वही, मग दुकान

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकात सातपूरला नोकरी, सायकली खोलून-जोडून बघायचा नाद, शिलकीत 3 लाख, आणि कर्ज न काढता कॉलेज रोडला सर्व्हिसचं दुकान टाकावं का. मी याच वाटेने गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

2019 मध्ये इंदिरानगरला आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी 7 ते साडेनऊ काम सुरू केलं. दिवसा अंबडची कंपनी होतीच. भांडवल 22 हजार: रिपेअर स्टँड, ॲलन कीचा सेट, चेनची झीज मोजायचं चेन गेज, मागच्या गिअरांची कॅसेट काढायची हत्यारं, आरे पिळायची चावी. बस.

पहिलं पैशाचं काम म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांची जुनी सायकल. मागचं चाक आउट, म्हणजे फिरताना डुलणारं. आऱ्यांच्या निपलांना (आरे आवळायच्या छोट्या नटांना) गंज, म्हणून आधी थेंब थेंब तेल सोडून थांबायचं. मग चाक धरणाऱ्या चिमट्याला अंगठा टेकवून चाक गरगर फिरवायचं, रिम नखाला कुठे घासते ते बघायचं आणि तिथला पलीकडच्या बाजूचा आरा पाव फेरा आवळायचा. नुसतं आवळतच गेलात तर चाक वर-खाली उड्या मारायला लागतं, म्हणून शेजारचा तेवढाच सैल करायचा. अडीच तास गेले. मी 80 मागितले, काकांनी 100 दिले. मी खूष! जेवताना बायकोने विचारलं, "तासाला किती पडले?"

तेव्हापासून वही ठेवली. काम, मिनिटं, पैसे. महिनाअखेरीस तासाला 60 रुपयेसुद्धा पडत नव्हते. नादात माणूस घड्याळ बघत नाही, आणि दुकानाचं भाडं घड्याळावरच चालतं. दर त्या वहीवरून ठरवले, शेजारच्या दुकानावरून नाही. मित्रांकडून पैसे घेणं सगळ्यात जड गेलं. अजूनही जातं, पण घेतो.

आता माझी चूक. 2020 मध्ये लॉकडाउननंतर सायकलींना एकदम मागणी आली, दुकानांत सायकली मिळेनात. मला वाटलं, आता सगळं नाशिक सायकलवर येणार. साठवलेल्यातले 60 हजार जर्सी, जेलचे ग्लोव्हज आणि हेल्मेटमध्ये घातले. त्यातल्या मीडियम साइझच्या जर्सी काल परवापर्यंत माळ्यावर होत्या. लोकांच्या सायकली बाल्कनीत गेल्या. पण गंमत अशी, की त्याच सायकली पुढे माझ्याकडे यायला लागल्या: टायर चिरलेले, चेन गंजून एकसंध झालेली, "जरा चालू करून द्या". माल पडून राहिला, हात चालत राहिला. तेव्हापासून चेन, केबल, ब्रेक पॅड, ट्यूब एवढंच साठ्यात ठेवतो. बाकी गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन मागवतो. हत्यारांचंही तेच: एखाद्या हत्याराअभावी तीन कामं परत पाठवली, की मग ते घ्यायचं.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. शॉप ॲक्टचं काम ऑनलाइन होतं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटाला हजार रुपये देऊ नका (मी दिले). जीएसटीत एक खाच आहे. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण सोबत दुरुस्तीची मजुरी घेतलीत की मर्यादा 20 लाखांची. दोन्ही धरून उलाढाल मोजा.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला ग्रुप निघतात, तेव्हा मी कुणाचा तरी गिअर लावत असतो. 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) असली, साडेतेरा तासांत संपवायची, की गुरुवार-शुक्रवारी रात्री अकरापर्यंत रांग. पूर्वी त्या यादीत माझं नाव असायचं. आता वर्षातून एखादी करतो, तीही आठवडाभर आधी बोर्ड लावून. हे चालणार असेल तरच पुढे जा.

कॉलेज रोडचा विचार तूर्त सोडा. तिथलं डिपॉझिटच तुमच्या शिलकीचा लचका तोडेल. मीसुद्धा गाळा घेतला तो 14 महिन्यांनी, पार्किंगमध्ये सायकली मावेनात आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा टोकलं तेव्हा. गल्लीच्या आत आहे, भाडं कमी, आणि सायकल दुरुस्त करायला माणूस गल्लीत येतोच.

नोकरी चालू ठेवून तीन महिने घरीच कामं घ्या. एक मात्र आधी कळवा: पूर्ण ओव्हरहॉलिंगला तुम्हाला आज किती मिनिटं लागतात?